खिशातला धारदार दोस्त

मोबाइल, वॉलेट, किल्ल्या, हेडफोन... बॅगेत सगळं असतं. आणि कुरिअरचं पार्सल आलं की आपण टेप दातांनी तोडतो! रोजच्या वापरासाठी छोटासा चाकू घ्यायचा तर कोणता घ्यावा, कसा पारखावा आणि कुठे चुकूनही नेऊ नये, याचा हा सगळा फंडा.

शुक्रवार. संध्याकाळचे पाच. टीममध्ये कुणाचा तरी बर्थडे. केक आला, मेणबत्ती लागली, फोटोसाठी सगळे दाटीवाटीने उभे राहिले आणि मग लक्षात आलं, की केकवाल्याने प्लॅस्टिकची सुरी दिलेलीच नाही. 'अरे, कटर आहे का कुणाकडे?' 'आयकार्डने काप रे!' 'स्टीलची पट्टी चालेल?' अशा एकाहून एक आयडिया सुरू झाल्या. मी पर्समधून माझा छोटा चाकू काढला, टिश्यूने पुसला आणि बर्थडे बॉयच्या हातात दिला.

दोन सेकंद शांतता. मग सगळे एकदम, 'बापरे! तू चाकू घेऊन फिरतेस?'

गंमत पुढेच आहे. त्यानंतरच्या एका आठवड्यात तेच 'बापरे'वाले एकेक करून माझ्या डेस्कपाशी आले. एकाला नव्या शर्टचा टॅग कापायचा होता, एकीला कुरिअर उघडायचं होतं. एकाच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. आणि एकाच्या बोटात बाकाची कुसळ घुसली होती, ती माझ्या चाकूतल्या चिमट्याने निघाली. आठवड्याच्या शेवटी प्रश्न बदलला, 'कुठून घेतलास गं? मला पण घ्यायचाय.'

हा लेख त्या सगळ्यांसाठी. आणि थोडासा माझ्या बाबांसाठीसुद्धा. का, ते पुढे सांगते.

आजोबांची चंची म्हणजेच ईडीसी!

इंटरनेटवर सध्या 'एव्हरीडे कॅरी' नावाचं मोठं फॅड आहे. शॉर्टफॉर्म ईडीसी. खिशात रोज काय काय असतं ते टेबलावर ओळीने मांडायचं, वरून फोटो काढायचा आणि टाकायचा. पेन, टॉर्च, घड्याळ, चाकू. एकदम कूल!

पण मंडळी, यात नवीन काय? आपल्या आजोबांच्या कमरेला चंची असायचीच की. त्यात पानं, सुपारी, चुन्याची डबी आणि अडकित्ता. त्यांच्या दृष्टीने ही रोजची गरज होती, स्टाइल नव्हे. घरात आजीची विळी, शेतात कोयता, स्वयंपाकघरात सुरी. प्रत्येक कामाला आपापलं पातं होतं आणि ते कसं धरायचं हे लहानपणीच शिकवलं जायचं. आपल्या पिढीच्या हातातून ही पाती हळूहळू गेली. भाजी चिरलेली मिळते, सुपारी कुणी खात नाही. उरलं काय? कागद कापायचा तो कटर, ज्याचं पातं नेमकं गरजेच्या वेळी तुटतं!

बाबांचा लाल चाकू

माझे बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर होते. १९८८ साली तिथे एक मशीन बसवायला स्विस इंजिनीअर आला होता. दीड महिना बाबा त्याच्यासोबत होते. एकाला दुसऱ्याची भाषा धड येत नव्हती, पण काम फर्स्टक्लास झालं. जाताना त्याने खिशातला लाल चाकू काढून बाबांना दिला. पांढऱ्या क्रॉसवाला.

तो चाकू तीस वर्षं आमच्या घरात राबला. आंबे, पेरू, वायरी, पतंगाचा मांजा, शाळेच्या प्रोजेक्टचे पुठ्ठे, सगळं त्यानेच कापलं. बाबांचे नियम दोनच. एक, चाकू पुसल्याशिवाय मिटायचा नाही. दोन, कुणाला द्यायचा तर मिटूनच द्यायचा. मला नोकरी लागली आणि मी मुंबईला निघाले, तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. अर्थात, मिटून.

आणि २०१९ मध्ये मी तो घालवला.

सोमवारची पहाटेची फ्लाइट, बेंगळुरूला क्लायंट मीटिंग, रात्री जेमतेम तीन तास झोप. चाकू लॅपटॉप बॅगच्या पुढच्या कप्प्यात राहिला होता. स्कॅनरवर बॅग थांबली. सिक्युरिटीवाला एकदम सभ्य होता. म्हणाला, मॅडम, परत जाऊन चेक-इन करा, नाहीतर इथे सोडा. घड्याळ बघितलं. परत जाऊन येईपर्यंत बोर्डिंग बंद झालं असतं. समोर एक पारदर्शक पेटी होती. कात्र्या, लायटर, स्क्रू ड्रायव्हर असं काय काय तिच्यात पडलं होतं. त्यात बाबांचा चाकू ठेवला आणि गेटकडे पळत सुटले.

चूक शंभर टक्के माझी. नियम स्पष्ट आहेत. विमानाच्या केबिनमध्ये चाकू चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत चालतो. पण बाबांना सांगायला मला तीन आठवडे लागले. ते एवढंच म्हणाले, 'अगं, वस्तूच ती. नवीन घे. पण नीट बघून घे.'

नीट बघायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? मग शोध सुरू झाला. त्यातून जे कळलं ते तुमच्यासाठी.

आधी ठरवा, कापणार काय?

दुकानात किंवा साइटवर गेलात की डोळे फिरतात. काळी पाती, कंगोरे, कवटीचं डिझाइन, 'टॅक्टिकल', 'कमांडो', 'सर्व्हायव्हल'! थांबा. एका कागदावर गेल्या महिन्यात तुम्हाला चाकू लागला असता अशा वेळा लिहा. बहुतेकांची यादी अशीच निघेल: पार्सलची टेप, कपड्यांचे टॅग, फळं, केक, दोरी, दुधाची किंवा मसाल्याची पिशवी, केबल टाय, पेन्सिल. ट्रेकला जात असाल तर काकडी, लिंबू आणि ब्रेड.

यातल्या एकाही कामाला चार इंची पातं लागत नाही. अडीच इंच, म्हणजे साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर झालं तरी भरपूर. फक्त टेप, दोरे आणि टॅगच कापायचे असतील तर दीड इंचही पुरे. उलट पातं जितकं लांब, तितका चाकू खिशाला जड, ऑफिसात विचित्र आणि पोलिसांना समजावायला कठीण.

रोज चाकू लागतो कशासाठी, हे ठरलं की निम्मी निवड झालीच.

चार घराणी, चार स्वभाव

बाजारात हजार मॉडेल्स असली तरी रोजच्या चाकूची घराणी मोजकीच.

१. स्विस चाकू. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख या गावी वर्कशॉप काढलं. १८९१ मध्ये त्यांनी स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. सैनिकाला दोन गोष्टी जमायला हव्या होत्या, रायफल खोलणं आणि डबाबंद जेवण उघडणं. म्हणून पात्याच्या जोडीला स्क्रू ड्रायव्हर, डबा उघडायचं पातं आणि भोक पाडायचा टोच्या. १८९७ मध्ये त्याचं हलकं, जास्त हत्यारांचं 'ऑफिसर' मॉडेल आलं. आपण आज जो लाल चाकू ओळखतो, त्याचा हा पूर्वज. एल्सनर यांच्या आईचं नाव व्हिक्टोरिया आणि न गंजणाऱ्या पोलादाचं फ्रेंच नाव 'इनॉक्स', त्या दोन्हींचं मिळून व्हिक्टोरिनॉक्स झालं. 'स्विस आर्मी नाइफ' हे नाव मात्र अमेरिकन सैनिकांचं. मूळ जर्मन शब्द त्यांच्या जिभेवर बसेना!

यातला सगळ्यात छोटा 'क्लासिक' मिटल्यावर ५८ मिलिमीटर, वजन जेमतेम वीस-बावीस ग्रॅम. छोटं पातं, कात्री, कानस, चिमटा, टूथपिक. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवा आणि विसरा. (विमानतळावर मात्र विसरू नका!) मोठा हवा असेल तर ९१ मिलिमीटरवाला घ्या. त्यात मोठं पातं, बाटली आणि डबा उघडायची सोय, स्क्रू ड्रायव्हर असं सगळं येतं. पहिला चाकू घेणाऱ्याने डोळे मिटून याच घराण्यात शिरावं.

२. लाकडी मुठीचा साधा चाकू. याचा हीरो फ्रान्सचा ओपिनेल. सव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवला. एक पातं, एक लाकडी मूठ, बास. १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरणारी एक धातूची कडी आली. ती फिरवली की उघडलेलं पातं मिटत नाही. आकार नंबरावर चालतात. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, म्हणजे शहरात जरा मोठंच. ऑफिससाठी सहा नंबर बघा. फळं कापायला यासारखा चाकू नाही, कारण पातं पातळ आणि धार सॉलिड. तोटा एकच, आपला पावसाळा! लाकूड फुगतं आणि पातं मुठीत असं अडकतं, की उघडताना नखं तुटायची वेळ येते.

३. मल्टिटूल. टिम लेदरमन नावाचा अमेरिकन इंजिनीअर १९७५ मध्ये बायकोसोबत जुनाट फियाट गाडीतून युरोप फिरत होता. गाडी सारखी बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. घरी जाऊन त्याने पक्कड असलेला चाकू बनवायला घेतला. बाजारात यायला १९८३ उजाडलं. बाइक असेल, घरात दुरुस्तीची हौस असेल तर मल्टिटूलला तोड नाही. पण पूर्ण आकाराचं मॉडेल २०० ग्रॅमच्या पुढे जातं. फॉर्मल पॅण्टच्या खिशात ठेवून बघा, बेल्ट घट्ट करावा लागेल. हे बाइकच्या डिकीत शोभतं.

४. एका हाताने उघडणारे, लॉकवाले. पात्यावर बटण किंवा भोक, अंगठ्याने ढकललं की 'खट्'. दिसायला भारी. क्लायंबिंग करणाऱ्यांना, एका हातात दोर धरून काम करणाऱ्यांना खरंच उपयोगी. पण लोकलमध्ये सफरचंद कापायला तुम्ही खट्कन चाकू उघडलात, तर शेजारची सीट रिकामी होईल हे नक्की! पहिला चाकू म्हणून हा नकोच.

पोलादाचं पाणी

पात्याचं पोलाद दोन प्रकारचं, कार्बन आणि स्टेनलेस. कार्बनला धार पटकन लागते, पण ते गंजतं. लिंबू किंवा कैरी कापली की काळं पडतं आणि फळालाही लोखंडाचा वास येतो. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, त्यामुळे गंज सहज चढत नाही. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत राहणाऱ्यांनी जास्त विचार करू नये, स्टेनलेसच घ्यावं. 'स्टेनलेस' म्हणजे अजिबात डाग पडणार नाही असं मात्र नाही. खारी हवा आणि घाम त्यालाही पुरून उरतात.

मग पोलाद जितकं कडक तितकं चांगलं? तसंही नाही. कडकपणा रॉकवेल नावाच्या मापात मोजतात. स्विस चाकूचं पातं साधारण ५६ च्या आसपास, म्हणजे मध्यम. महागडी पाती ६० च्या पुढे जातात. त्यांची धार महिनोन्महिने टिकते, पण गेली की परत लावताना घाम फुटतो, आणि पातं आडवं वापरलं तर कडेचा टवका उडतो. ज्याला रोज वापरायचंय आणि महिन्यातून एकदा पाच मिनिटांत धार लावायचीय, त्याच्यासाठी मध्यम कडक पोलादच बेस्ट.

आणि ते करवतीसारखे दाते असलेलं पातं? दोर आणि ब्रेड छान कापतं. पण सफरचंदाच्या फोडी करताना भगदाडं पडतात आणि घरी धार लावता येत नाही. सरळ धारेचं घ्या.

दुकानात अशी घ्या परीक्षा

शक्यतो चाकू हातात घेऊन बघा. पाच मिनिटं लागतात.

* पातं उघडा आणि चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखडलं तर परत ठेवा.
* मिटताना पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसतं का? एका बाजूला घासत असेल तर जुळणी कच्ची आहे.
* स्प्रिंग ऐका. उघडताना आणि मिटताना स्पष्ट 'कट्' असा आवाज यायला हवा. गुळगुळीत सैल चाकू कधीतरी बोटावर मिटणार.
* नखाने उघडता येतो का? इतका घट्ट असेल की दात लावावेसे वाटतील, तर तो तुमच्यासाठी नाही. छोट्या नखांच्या मुलामुलींनी हे आवर्जून बघावं.
* मूठ हातात गच्च धरा. कुठे टोचते का? दिसायला देखणी, पण घामात निसटणारी गुळगुळीत मूठ नको.
* पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव कोरलेलं असतं. नकली मालात ते पुसट किंवा स्पेलिंगच चुकीचं. लाल रंग आणि पांढरा क्रॉस बघून फसू नका. रस्त्यावरच्या ढिगात सगळेच 'स्विस' असतात!
* हत्यारं मोजू नका. तीस हत्यारांचा चाकू म्हणजे खिशातली वीट. तुमच्या यादीतली चार कामं करणारा चाकू पुरे.

मुलींसाठी एक स्पेशल मुद्दा. 'सेल्फ डिफेन्ससाठी ठेवतेस ना?' हा प्रश्न मला आजवर असंख्य वेळा विचारलाय. उत्तर, नाही. मिटणारा छोटा चाकू घाबरलेल्या हाताने उघडेपर्यंत वेळ गेलेली असते, आणि झटापटीत तो हिसकावला गेला तर आपल्यावरच उलटतो. शिवाय लॉक नसलेलं पातं जोर लागताच आपल्याच बोटांवर मिटतं. तिथून निघणं, ओरडणं आणि ११२ ला फोन करणं हाच खरा डिफेन्स. चाकू पेरूसाठी ठेवा.

कायद्याचं काय?

चाकू म्हटलं की डोळ्यांसमोर रामपुरी येतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा तो खटक्याचा लांब चाकू हिंदी सिनेमाने घराघरात नेला. 'वक्त' (१९६५) मधला राजकुमारचा चाकूवाला सीन आजही लोक मिमिक्रीत करतात. पुढे नव्वदच्या दशकात तिथे साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यांवर बंदी आली आणि तो धंदा बसला. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात मात्र सुमारे वीस फुटी चाकू स्मारकासारखा उभा राहिला! आपल्याकडे पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास 'कोयता गँग' हा शब्द पेपरात रोज यायला लागला. तेव्हा पोलिसांनी पात्याकडे संशयाने बघितलं तर त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

कायदा थोडक्यात असा. शस्त्र नियम २०१६ मधल्या यादीनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रांच्या वर्गात येतं. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची पाती त्यातून वगळली आहेत. आपला अडीच इंची चाकू या मापाच्या जवळपासही नाही. पण गोष्ट इथे संपत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. यानुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे अशा वेळी असे आदेश निघत असतात, आणि त्या कलमात काठ्या-तलवारींसोबत 'चाकू' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. तिथे इंच मोजत बसत नाहीत. पेपरात असा आदेश दिसला की चाकू घरी ठेवायचा. सिंपल.

राज्य बदललं की नियमही बदलू शकतो. दिल्लीत १९८० पासून एक अधिसूचना आहे. तिच्यात बटणाच्या, स्प्रिंगच्या चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी अशी मर्यादा आहे. ऑनसाइट जाताय? ब्रिटनमध्ये मिटणारा, लॉक नसलेला आणि तीन इंचांपर्यंत धारेचा चाकू विनाकारणही बाळगता येतो. लॉकवाल्याला मात्र सबळ कारण लागतं. जपानमध्ये सहा सेंटिमीटरच्या पुढचं पातं कारणाशिवाय बाळगणं गुन्हा, आणि त्याहून छोट्यावरही आक्षेप येऊ शकतो. म्हणजे नियमाच्या दृष्टीनेसुद्धा छोटा, साधा, लॉक नसलेला चाकूच सोयीचा.

मेट्रो, मॉल, स्टेडियम, कोर्ट, मंत्रालय इथे जायचं असेल त्या दिवशी चाकू नेऊच नका. स्कॅनरपुढे वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. ऑफिसच्या सिक्युरिटीला आणि एचआरला एकदा विचारून ठेवा. काही आयटी पार्कमध्ये चालत नाही. मग चाकू घरी आणि डेस्कवर बोथट टोकाची कात्री, असा तह करता येतो.

या सगळ्याचा त्रास कंपन्यांनाही कळलाय. २०२४ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने पातंच नसलेल्या खिशातल्या हत्यारावर काम सुरू असल्याचं सांगितलं. चाकूशिवाय चाकू! आजोबा काय म्हणाले असते कोण जाणे.

धार, तेल आणि थोडं प्रेम

बोथट चाकू सुरक्षित असतो, हा सगळ्यात मोठा गैरसमज. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो घसरतो, आणि घसरला की बोट! धारदार चाकू जिथे ठेवाल तिथेच कापतो.

सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे घरच्या विळ्या-सुऱ्या जरूर द्या. खिशातला चाकू मात्र शक्यतो नको. कोरड्या फिरत्या दगडावर ठिणग्या उडतात, पातळ पातं तापतं आणि पोलादाचं पाणीच उतरतं. मग धार टिकत नाही. त्यापेक्षा एक हजार ग्रिटचा पाण्यावरचा दगड आणा. दगड भिजवा, पातं पंधरा ते वीस अंशांत तिरकं धरा, म्हणजे जवळजवळ आडवंच, आणि दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा हलक्या हाताने फिरवा. पाच-सात मिनिटांत कागद सरसर कापला जातो. दगड नसेल तर जुगाड: चिनी मातीचा मग उलटा करा. बुडाशी जी खरखरीत, झिलई नसलेली कड असते, तिच्यावर पातं चार-सहा वेळा फिरवलं तरी कामापुरती धार येते. चहा संपल्यावर, अर्थात!

फळ कापलं की चाकू लगेच पुसा. महिन्यातून एकदा कोमट पाणी आणि साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या. सांध्यात तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि नंतर खवट होऊन चिकटतं. केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन स्वस्त असतं आणि फळ कापायच्या चाकूलाही चालतं.

आणि तीन गोष्टी कधीच नाही. पात्याने डबा उचकटायचा नाही, टोक मोडतं. स्क्रू ड्रायव्हर म्हणून पातं वापरायचं नाही. आणि लॉक नसलेल्या चाकूचं टोक कशात खुपसायचं नाही, भोक पाडायला टोच्या आहे. कापताना पातं नेहमी स्वतःपासून दूर.

परत लाल

इतकं सगळं शोधून शेवटी मी काय घेतलं? लाकडी मुठीचा पहिल्यांदा आवडला होता. महिनाभर मैत्रिणीचा वापरलासुद्धा. मग जून आला आणि पातं अडकलं. मल्टिटूल दोन दिवसांत पर्समधून भावाच्या बाइकवर गेलं. उरला तो साधा, ९१ मिलिमीटरचा, लाल. आधीच्यासारखाच. फक्त नवा, चकचकीत आणि माझ्यासाठी अजून अनोळखी.

पुढच्या शनिवारी पुण्याला गेले आणि बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. पातं उघडलं, डावी-उजवीकडे हलवून बघितलं, स्प्रिंगचा आवाज ऐकला. एक शब्द नाही. मग आईला म्हणाले, 'पेरू आहे का गं?' पेरूच्या चार फोडी केल्या, तिखट-मीठ लावलं, एकेक फोड आम्हाला दिली. मी विचारलं, 'बाबा, कसा आहे?'

'बरा आहे,' ते म्हणाले. फिटर माणूस, 'बरा' म्हणजे डिस्टिंक्शन!

मग त्यांनी पातं लेंग्याला नीट पुसलं, चाकू मिटला आणि माझ्या तळहातावर ठेवला. 'आता विमानाच्या आदल्या रात्री बॅग उलटी करून झटकायची. हा तिसरा नियम.'

तेव्हापासून प्रत्येक ट्रिपच्या आदल्या रात्री मी बॅग उलटी करते. सुट्टे पैसे, जुनी तिकिटं, गोळ्यांची चांदी असं काय काय पडतं. आणि शेवटी, टप्पकन, तो लाल. तो ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि मगच अलार्म लावायचा.

तुम्हीही घ्या एक. छोटा, साधा, आपल्या हाताचा. आणि उद्या कुणी केकसमोर 'कटर आहे का?' असं ओरडलं की शांतपणे पुढे व्हा. फक्त एक लक्षात ठेवा, मिटूनच द्यायचा!